आस

सोमवार-गुरुवार, सकाळची पहिली पाळी,
ऐरोली, सेक्टर आठ, दुसरा मजला.
काट्यावर चढण्याआधी पदाजी कोळी
चपला काढतात, खिशातली किल्ली काढतात,
तरी काटा दोन किलो आठशे जास्तच दाखवतो.
"पानी नाय पिलो गो ताय."
आम्ही दोघंही बाटलीकडे बघतो.
लिटरची, दिवेगावातल्या टपरीवरची,
बायकोनं मार्करनं रेघ मारून दिलेली.
रेघेपर्यंत एक दिवस.

डाव्या हाताचा फिस्टुला चाचपते.
कातडीखाली घरघर.
पहिल्यांदा कान लावला तेव्हा ते हसले होते:
"खारीत लांब कुनाची तरी मशीन चालू हाय."

फाईलमध्ये 'कारण' या रकान्यात
डॉक्टरांनी तिरपी रेघ ओढली आहे.
साखर नाही. खडा नाही. बीपी आलं ते मागून.
सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आठ सेंटिमीटरच्या आत.
"सुकली म्हन की," म्हणाले.
सुकवणं त्यांना नवं नाही.

एकदा टीव्हीवर पाहून आले:
प्लास्टिकचा भुगा रक्तात सापडला, किडनीतही.
खरं का?
मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला.
उंदरांच्या किडनीत सूज दिसते, म्हणाले, पेशी थकतात;
माणसाचं अजून ठरायचंय.
मी पदाजींना 'ठरेल' एवढंच सांगितलं.

मग त्यांनी फिल्टरकडे बोट केलं.
"यो जालां कोनी इनलाय?"
हजारो पोकळ धागे, मी म्हटलं, केसासारखे,
प्रत्येकाच्या भिंतीला भोकं.
"आस केवरी?"
आस म्हणजे जाळ्याचं एक घर, हे तेव्हा कळलं.
मी जालन्याची. आमच्याकडे आस फक्त लागते.
इतकी बारीक, मी म्हटलं,
की रक्त अडतं आणि घाण जाते.
"आनि जालां कसलां?"
प्लास्टिकचं.

पदाजी बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

वडलांचं जाळं सुताचं, ऐनाच्या सालीत उकळलेलं,
दर दोन पावसाळ्यांनी कुजायचं.
म्हातारा आषाढभर ओटीवर बसून
पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून विणायचा, शिव्या देत.
आळीत पहिलं नायलॉन आणलं ते पदाजींनी,
लग्नाच्या वर्षी, हळदीचा मांडव लहान करून.
"ह्या कवा कुजनार नाय, बापाला बोललो.
पेढं वाटलं गो मी. पेढं."

ते जाळं चिखलावरून ओढलं,
तिवरांच्या मुळांवरून ओढलं, दगडावर आपटलं.
दर वर्षी थोडं हलकं लागायचं.
उरलेलं कुठं गेलं, कोणी विचारलं नाही.
बोय आली, निवटी आली, चिंबोऱ्या आल्या,
ताटं भरली.

तसं नसतं काका, मी म्हटलं.
कारखाने आहेत, गाड्यांचे टायर आहेत,
माझ्या डब्याची ही पिशवी आहे.
"हाय ना," म्हणाले. "पन तो मी आनलेला."

साडेदहाला मशीन ओरडतं.
रक्त परत करते.
गुलाबी झालेला फिल्टर लाल पिशवीत टाकते.
पिशवी कुठे जाते ते माहीत आहे.
तिथून पुढे कुठे, ते नाही.

काटा बरोबर.
खाली मुलगा रिक्षा थांबवून उभा:
जेट्टीवर नऊ जण आलेत,
त्यांना बापाच्याच होडीतून फ्लेमिंगो दाखवायचेत.

जिन्याच्या वळणावर पदाजी थांबतात,
बाटली उघडतात,
टोपणात मोजून पाणी घेतात
आणि तोंडात घोळवत राहतात,
गिळावं की थुंकावं
याचा हिशोब करत.